झोपेसाठी व्हॅलेरियनचं टिंक्चर – कुणी घेतलंय का? सुरक्षित आहे का?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. वय ७१. गेलं वर्षभर तिची रात्रीची झोप पार विस्कटली आहे. पडल्या पडल्या डोळा लागतो, पण एक-दीडला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत ती टक्क जागी. झोपेची गोळी तिला नको आहे, "एकदा सुरू झाली की सुटत नाही" ही तिची भीती. चार महिन्यांपूर्वी तिच्या एका मैत्रिणीने व्हॅलेरियन नावाच्या वनस्पतीच्या टिंक्चरची, म्हणजे मद्यार्कातल्या अर्काची, बाटली आणून दिली. रात्री अर्धा कप पाण्यात थेंब टाकून घेते. म्हणते, बरं वाटतं.

मला त्यातलं काही कळत नाही. झाकण उघडलं की घामट मोज्यांसारखा वास येतो. थेंब पाण्यात पडला की लालसर रेघ खाली उतरते आणि पाणी हळूहळू चहासारखं होतं. वनस्पतीचंच आहे, म्हणून मी आजवर काही बोलले नाही. पण आता बाटली संपत आली आणि दुसरी आणायची का, हे तिने मला विचारलं. कुणाला अनुभव आहे का? किती दिवस घ्यावं? काही धोका?

निवांत

मी घेतलंय, सलग सहा आठवडे. माझा अनुभव चांगला आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत काहीच फरक नाही, बाटली फेकायच्या बेतात होतो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की अंथरुणावर पडून डोक्यात चालणारी गिरणी लवकर थांबते. सकाळी डोकं जड नाही. नंतर कामाचा ताण कमी झाला, आपोआप सोडलं. सोडताना त्रास झाला नाही.

मनीमाऊ

बाटली मांजरापासून लांब ठेवा! आमच्याकडे एक थेंब फरशीवर सांडला होता. आमच्या बाईसाहेब त्या जागेवर गाल घासत, लोळत, स्वतःच्याच शेपटीवर झडप घालत तासभर होत्या. शेवटी फरशी साबणाने पुसली तेव्हा रुसून कपाटावर जाऊन बसल्या. ज्या औषधाने माणसं झोपतात त्याने मांजरं उधळतात, हे मला तेव्हा कळलं.

तिरपा_किरण

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. व्हॅलेरियनवर अभ्यास भरपूर झालेत, पण निकाल एका दिशेला जात नाहीत. अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली निद्रानाशाच्या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्हॅलेरियन वापरू नये असं सुचवलं आहे. शिफारस "कमकुवत" श्रेणीची आहे, म्हणजे पुरावाच तोकडा आहे, पण कल नकाराकडे आहे. निवांत, तुमचा ताण कमी झाला म्हणून झोप आली, की झोप आली म्हणून ताण कमी झाला, हे तुम्ही कसं ठरवणार?

निवांत

नाही ठरवता येणार, मान्य. पण सहा आठवडे मी झोपलो, हे खरं आहे.

रानभूल

तिरपा_किरण, अर्धीच बाजू मांडलीत. युरोपीय औषध संस्थेच्या वनस्पती-औषध समितीने व्हॅलेरियनच्या मुळीच्या मद्यार्कातल्या कोरड्या अर्काला सौम्य अस्वस्थता आणि झोपेच्या तक्रारींसाठी मान्यता दिली आहे. टिंक्चरला मात्र तिथे "पारंपरिक वापर" एवढाच दर्जा आहे. त्याच कागदात हेही लिहिलं आहे की परिणाम हळूहळू होतो, दोन ते चार आठवडे सलग घ्यावं लागतं, "आज झोप नाही, आज घेतलं" अशा वापराला ते योग्य नाही आणि १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. निवांत यांचा "तिसरा आठवडा" यात अगदी बसतो.

मी गेली बरीच वर्षं स्वतःपुरती टिंक्चरं करते. वाळलेली मुळी भरड कुटायची, एक भाग मुळीला पाच भाग मद्यार्क, साठ-सत्तर टक्क्यांचं. काचेच्या बाटलीत भरून अंधारात ठेवायची, रोज एकदा हलवायची, दोन आठवड्यांनी फडक्यातून पिळून गाळायची. चोथा पिळताना जो वास हाताला लागतो तो दोन दिवस जात नाही. वासाचं कारण आयसोव्हॅलेरिक आम्ल. मुळी वाळताना ते सुटतं, म्हणून ताज्या मुळीला एवढी दुर्गंधी नसते.

पाऊलखूण, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट खटकली. लालसर रेघ. व्हॅलेरियनचं टिंक्चर तपकिरी असतं, फिकट किंवा गडद, पण तपकिरीच. लाल नाही. बाटलीवर काय काय लिहिलंय, सगळं वाचून सांगाल का? फक्त मोठ्या अक्षरातलं नाव नको.

शमा

होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारी मदर टिंक्चरं पण हीच का? ती तर एकदम निर्धोक असतात ना? माझ्या सासूबाई वीस वर्षं साबुदाण्यासारख्या गोळ्या घेतात, कधी काही झालं नाही.

औषधपेटी

शमाताई, हा गैरसमज फार जणांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी औषधविक्रेता आहे.

"३०" किंवा "२००" लिहिलेल्या गोळ्यांमध्ये मूळ वनस्पती इतकी पातळ केलेली असते की द्रव्य उरतच नाही म्हटलं तरी चालेल. मदर टिंक्चर मात्र या पातळ करण्याच्या पायरीच्या *आधीचं* असतं. बाटलीवर "क्यू" असतं ते तेच. त्यात वनस्पतीचा अर्क खराखुरा असतो, मद्यार्कही भरपूर असतो. तेव्हा गोळ्यांनी वीस वर्षं काही झालं नाही, यावरून मदर टिंक्चरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. दुकान एक, कपाट एक, पण वस्तू दोन.

अर्निका या वनस्पतीचंच बघा. मुक्या मारावर लावायला लोक मदर टिंक्चर नेतात, ते ठीक. पण फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही आणि पोटात तर अजिबात घ्यायचं नाही, त्यातलं हेलेनालिन विषारी आहे. हे दर वेळी तोंडाने सांगावं लागतं.

आणि "टिंक्चर" हा शब्द फक्त कशात भिजवलंय ते सांगतो, ते किती तेज आहे ते सांगत नाही. अफूच्या टिंक्चरमध्ये मिलीला १० मिलिग्रॅम मॉर्फिन, आणि कापूर घातलेलं अफूचं जे सौम्य टिंक्चर होतं त्यात मिलीला ०.४. नावं जवळजवळ सारखी, फरक २५ पट. त्या गोंधळातून माणसांना इजा झालेली आहे.

शमा

बापरे. मी त्या दोन्ही एकच समजत होते. सासूबाईंच्या कपाटात एक "क्यू" आहे, आज बघते कशाचं आहे ते.

स्टेथो

पाऊलखूण, रानभूल यांच्या प्रश्नाला माझा एक जोडतो. आई दुसरी कोणकोणती औषधं घेतात? सगळी लिहा. कधीतरी घेतलेली ॲलर्जीची गोळीसुद्धा. त्याशिवाय "धोका आहे का" याला उत्तर देता येणार नाही.

अबोल

विषय थोडा बाजूचा आहे, पण इथे लिहिलंच पाहिजे असं वाटतं.

मी चार वर्षं दारूपासून लांब आहे. सुरुवातीच्या काळात डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलं होतं. त्या गोळीवर असताना दारूचा घोट गेला तर शरीर बंड करतं. एका रात्री खोकला आवरेना म्हणून घरातल्यांनी खोकल्याचं कसलंसं वनस्पतीचं टिंक्चर चमचाभर दिलं. पंधरा मिनिटांत चेहरा, कान, मान लालबुंद. छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसत होता. उलट्या. बायकोला वाटलं मी लपून प्यालो. तिच्या डोळ्यातलं ते मी अजून विसरलेलो नाही. इमर्जन्सीत नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन वाचली, मद्यार्क ६० टक्के.

ज्यांच्या घरी कुणी सोडलेलं आहे त्यांनी कुठल्याही टिंक्चरची बाटली देण्याआधी टक्केवारी बघा. हात जोडून सांगतो.

औषधपेटी

अबोल, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यांसाठी आकडा देतो. ६० टक्क्यांचं टिंक्चर एक चमचा, म्हणजे ५ मिली घेतलं, तर त्यात ३ मिली शुद्ध अल्कोहोल जातं, वजनाने साधारण २.४ ग्रॅम. म्हणजे ५ टक्क्यांची बीअर ६० मिली प्यायल्यासारखं. धडधाकट माणसाला रात्री एकदा हे काहीच नाही. पण यकृताचा आजार, गरोदरपण, लहान मूल, डायसल्फिराम, मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध), झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, यातलं काही असेल तर तो एक चमचा मोजला पाहिजे.

अक्का

अबोल, चार वर्षं म्हणजे फार मोठी गोष्ट केलीस बाळा. अशीच पुढची जाऊ देत.

तिरपा_किरण

+१. आणि अबोल, तुमचा प्रतिसाद बाजूचा नाही, मुद्द्यावरचाच आहे.

चाकोरी

भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" तो म्हणाला "नाही." तो रोज रात्री हेच व्हॅलेरियन घेत होता, पण ते त्याच्या लेखी औषध नव्हतंच! वहिनीने सांगितलं म्हणून कळलं. त्यांनी भूलीचा अंदाज त्याप्रमाणे बदलला आणि नंतर समजावलं की बरेच दिवस घेतलेलं व्हॅलेरियन धाडकन बंद करू नये, ऑपरेशनच्या आधी हळूहळू कमी करत आणावं. विचारणाऱ्याने "गोळ्या, थेंब, काढे, चूर्ण" असं फोड करून विचारायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

स्टेथो

चाकोरी, मी तसंच विचारतो, आणि तरी दहातले काही जण निघताना दारात वळून म्हणतात, "एक थेंबांची बाटली आहे, पण ती साधीच आहे."

वर निवांत म्हणाले तसं बहुतेकांना सोडताना त्रास होत नाही. पण वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेत घेऊन अचानक थांबवल्यावर बरळणं, छातीत धडधड असा त्रास झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. गॅबा नावाचं जे रसायन मेंदूला शांत करतं, त्याच्या कामावर व्हॅलेरियनमधलं व्हॅलेरेनिक आम्ल परिणाम करतं, म्हणून झोपेच्या गोळ्या, दारू, गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं यांच्या जोडीला ते नको.

गारवा

मला मद्यार्क चालत नाही. ग्लिसरीनमध्ये केलेलं चालेल का? घरी करता येईल?

रानभूल

ग्लिसरीनमध्ये करतात, पण व्हॅलेरेनिक आम्ल पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगलं उतरतं. ग्लिसरीनचा अर्क बराच मवाळ निघतो. मद्यार्क नको असेल तर कोरड्या अर्काची गोळी जास्त सरळ.

घरी करणार असाल तर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाळा. कामाला फक्त पिण्यायोग्य मद्यार्क. चोळायचं स्पिरिट, पॉलिशवाल्यांचं स्पिरिट, जखमा पुसायचं स्पिरिट, यातलं काहीही नको. मेथनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो. मला एका मुलीने "स्पिरिट स्पिरिटच ना?" असं विचारलं होतं, तेव्हापासून मी मुळीच्या आधी मद्यार्काबद्दल सांगते.

औषधपेटी

याला जोडून: १९३७ साली अमेरिकेत एका जंतुनाशक औषधाचं गोड पातळ रूप बाजारात आलं. औषध ठीक होतं, पण ते विरघळवायला डायएथिलिन ग्लायकॉल वापरलं होतं. १०० हून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. त्यानंतर १९३८ चा कायदा झाला, ज्याने औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवणं बंधनकारक केलं. औषध कशात विरघळवलंय, हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

पाऊलखूण

सगळ्यांचे खूप आभार. उशीर झाला, आईकडे गेले होते. बाटली समोर ठेवून लिहिते आहे.

पुढे मोठ्या अक्षरात: व्हॅलेरियन, "शांत झोपेसाठी". मागे बारीक अक्षरात, भिंगाने वाचावं लागलं: व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस मूळ, मग ह्युम्युलस ल्युप्युलस, मग हायपेरिकम परफोरेटम. अल्कोहोल ५८ टक्के. मात्रा २ मिली. शेवटच्या ओळीवर किमतीचा स्टिकर अर्धा चिकटलेला होता, तो नखाने खरवडून काढला तेव्हा "इतर औषधे घेत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढं दिसलं.

आईची औषधं: रक्तदाबाची एक, लघवीची एक (पाय सुजतात म्हणून), थायरॉइडची सकाळी, आणि हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिन.

रानभूल

हायपेरिकम. म्हणूनच लाल. ती पिवळी फुलं बोटात चुरडली की बोटं लाल होतात. पाऊलखूण, दुसरी बाटली आणू नका. बाकी स्टेथो सांगतील.

स्टेथो

पाऊलखूण, हे नीट वाचा आणि घाबरू नका.

हायपेरिकम म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. सौम्य ते मध्यम नैराश्यावर ते उपयोगी पडतं असं दाखवणारे चांगले अभ्यास आहेत, तेव्हा वनस्पतीला नावं ठेवत नाही. पण त्यातलं हायपरफोरिन यकृतातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेला जोर आणतं. परिणामी दुसरी कितीतरी औषधं शरीरातून लवकर बाहेर फेकली जातात: गर्भनिरोधक गोळ्या, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, एचआयव्हीची काही औषधं, अवयव बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन, आणि वॉरफरिन. २००० सालच्या सुमारास सायक्लोस्पोरिनची पातळी पडून बदललेला अवयव शरीराने नाकारल्याच्या घटना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगभर इशारे निघाले.

आता दोन प्रश्न. गेल्या चार महिन्यांत आईचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, किती आला? आणि वॉरफरिनची मात्रा वाढवली का?

पाऊलखूण

फाइल समोर आहे. आधी वर्षभर २.३, २.५, २.४ असाच होता. थेंब सुरू झाल्यावर पुढच्या तपासणीत १.७, नंतर १.५. डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली. खाण्यात काही बदल झाला का, गोळी चुकते का, हे त्यांनी विचारलं होतं. आई म्हणाली नाही. ते खरंच होतं. गेल्या महिन्यात २.२ आला आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो.

माझे हात थरथरताहेत. मी आता बाटली ओतून देऊ का?

स्टेथो

थांबा. बाटली ओतू नका आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा, आजच.

कारण असं. आत्ताची वाढलेली वॉरफरिनची मात्रा ही हायपेरिकम पोटात आहे असं धरून बेतलेली आहे, डॉक्टरांना ते ठाऊक नसलं तरी. थेंब थांबले की यकृताची वाढलेली गती साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येते. मग तीच मात्रा जास्त होते, आयएनआर चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. थेंब बंद करायचेच आहेत, पण आयएनआर वरचेवर बघत आणि मात्रा उतरवत. ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बाटली सोबत न्या, हे नाव त्यांना दाखवा.

तोवर हिरड्यांतून रक्त, काळं शौच, लघवीत लाल रंग, न लागता निळे डाग, डोक्याला मार किंवा अचानक खूप डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर फोन नाही, थेट दवाखाना.

तिरपा_किरण

हे वाचून अंगावर काटा आला. मी "काम करतं की नाही" यावर वाद घालत बसलो होतो आणि खरा प्रश्न बारीक अक्षरात होता.

शमा

पण स्टेथो, होमिओपॅथीत हायपेरिकम सर्रास देतात, नसांच्या दुखण्यावर. मग ते सगळे…?

औषधपेटी

शमाताई, वरचंच परत: "३०" असेल तर त्यात हायपरफोरिन यकृतावर परिणाम करण्याइतकं नसतं. "क्यू" असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. आणि सगळेच अर्क सारखे नसतात, कुणात हायपरफोरिन नावापुरतं, कुणात भरपूर. बाटलीवर ते लिहिलेलं नसतं. वॉरफरिनवाल्या माणसाने त्या जुगारात पडू नये.

सासूबाईंच्या कपाटात कशाचं "क्यू" निघालं?

शमा

कॅलेंड्युला. त्या फक्त गुळण्यांना पाण्यात घालून वापरतात. जीव भांड्यात पडला.

निवांत

मी आत्ता उठून माझी जुनी बाटली शोधली. नुसतं व्हॅलेरियन होतं. पण घेताना मी मागची बाजू वाचली नव्हती हे कबूल करतो. तेव्हा मला माझ्या झोपेपलीकडे काही दिसत नव्हतं.

अक्का

पाऊलखूण, आईला रागावू नकोस. तिने कुणापासून लपवलं नव्हतं गं. डॉक्टर "गोळी" म्हणाले, तिने गोळीचं उत्तर दिलं. आमच्या वयात रात्री दीड वाजता घर गप्प असतं तेव्हा पाच थेंबांचा आधारसुद्धा मोठा वाटतो. आणि एक विचार, दीडला जाग *कशाने* येते? मला येते ती लघवीला. मग परत झोप लागत नाही ती वेगळी.

स्टेथो

अक्कांनी नेमकं बोट ठेवलं. पाऊलखूण, लघवीची गोळी आई किती वाजता घेतात?

पाऊलखूण

रात्री. जेवणानंतर. सगळ्या रात्रीच्या गोळ्या एकाच डबीत असतात.

स्टेथो

डॉक्टरांना हेही विचारा. वेळ बदलता येते का ते त्यांना ठरवू द्या.

गारवा

थेंबांबद्दल एक शंका राहिली. २ मिली म्हणजे किती थेंब? मी नेहमी २० थेंबांचा एक मिली धरते.

औषधपेटी

ते पाण्याला. मद्यार्काचा थेंब लहान पडतो. साठ-सत्तर टक्क्यांच्या टिंक्चरचे त्याच ड्रॉपरमधून एका मिलीत पन्नासच्या आसपास थेंब येतात. शिवाय ड्रॉपर तिरका धरला, तोंड रुंद असलं, की थेंब बदलतो. मी घरी करून पाहिलंय: दोन ड्रॉपर, एकच बाटली, मोजणी कधीच जुळली नाही. थेंब मोजू नका, मिलीच्या खुणा असलेली छोटी सिरिंज किंवा मापाचं झाकण वापरा. लेबलवर थेंब लिहिले असतील तर त्याच बाटलीचा ड्रॉपर, सरळ उभा धरून.

मनीमाऊ

माझ्या पहिल्या प्रतिसादाची आता लाज वाटतेय म्हणणार होते, पण नको, मांजरांचं ते खरंच आहे. पाऊलखूण, आईंना माझा नमस्कार सांगा. रोज येऊन बघते नवीन काही लिहिलंय का.

पाऊलखूण

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. इतक्या जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंत, प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमलं नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांना भेटलो. मी बाटली टेबलावर ठेवली, त्यांनी चष्मा वर करून मागची बाजू दोनदा वाचली आणि आईची फाइल उघडून आयएनआरच्या आकड्यांवरून बोट खाली नेलं. मग आईला म्हणाले, "आजी, तुमची चूक नाही. मी थेंबांचं विचारायला हवं होतं." आई तिथेच रडली. तिला वाटत होतं की तिला कुणीतरी ओरडणार.

थेंब त्याच दिवसापासून बंद केले. आयएनआर दर चार दिवसांनी: २.४, मग २.९, मग ३.४. स्टेथोंनी सांगितलं होतं अगदी तसं. ३.४ ला मात्रा एक पायरी उतरवली, नंतर आणखी एक. आता ती जुन्या मात्रेवर परत आली आहे आणि परवा २.५ आला. एका दंडावर निळा डाग दिसला होता, बाकी काही नाही.

लघवीची गोळी सकाळी नेली. रात्री तीनदा उठायची, आता एकदा, कधी तेही नाही. दीडला जाग अजून येते, पण बरेचदा कूस बदलून परत झोपते. पहाटेपर्यंत टक्क जागं राहणं आठवड्यातून एखाद्या रात्री. त्यासाठी डॉक्टरांनी झोपेच्या सवयी बदलायची उपचारपद्धत सुचवली आहे, औषध न देता: झोप येत नसेल तर अंथरुणात पडून राहायचं नाही, उठून बसायचं, डोळे जड झाले की मगच परत जायचं. ती पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

रानभूल, नुसतं व्हॅलेरियन चाललं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, वॉरफरिनशी त्याचं ठळक वैर दिसलेलं नाही, पण दीडला उठून अंधारात चालणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईला गुंगी नको, पडल्या आणि डोकं आपटलं तर वॉरफरिनवर ते परवडणार नाही. मला पटलं.

आईची मैत्रीण स्वतः रक्तदाबाची गोळी घेते आणि तिच्या घरी याच बाटल्या दोन आहेत. आज संध्याकाळी आई आणि मी भिंग घेऊन तिच्याकडे चाललोय.

रानभूल

तिची सगळी औषधं एका कागदावर लिहून घ्या, पाऊलखूण, आणि बाटलीचा फोटो काढून इथे टाका. आम्ही वाचतो.